तीन घरं आणि विरजणाची वाटी

फार जुनी गोष्ट आहे. ज्या राज्यात ती घडली ते राज्य आता कुठे सापडत नाही, आणि तिथल्या राजाचं नावही कुणाला आठवत नाही. त्या राज्यातला एक तांबट मात्र लोकांच्या आठवणीत राहिला. मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून ऐकत नसल्याचं सोंग करणाऱ्या मोठ्यांनो, त्या तांबटाचीच ही गोष्ट.

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारा. हा तांबट आपल्या कामात मोठा वाकबगार होता. पत्रा तापवायचा, ठोकायचा, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा. भांडं तयार झालं की ते डाव्या हातात उचलून उजव्या हाताने त्यावर टिचकी मारायची आणि कान लावायचा. नाद स्वच्छ आला तर भांडं चांगलं. नाद बोदा आला तर कुठेतरी बारीक चीर आहे. डोळ्यांना न दिसणारी चीर त्याच्या कानांना कळायची. आजवर त्याच्या हातून खोट असलेलं एकही भांडं बाहेर गेलं नव्हतं. याचा त्याला अभिमान होता, आणि तो रास्तच होता.

पण एखाद्या कामात माणूस फार हुशार झाला की त्याला वाटायला लागतं, सगळं जग त्या कामासारखंच चालतं. तांबटाचं तसं झालं. भांडी पारखता पारखता तो आंबे, बैल, पाहुणे, सगळंच टिचकी मारून पारखायला लागला.

इतके दिवस तो आपल्या उस्तादाच्या घरी राहून काम करत होता. आता लग्न झालं आणि स्वतःचं घर कुठे करावं हा प्रश्न उभा राहिला. त्या मुलखात राहायला तीन जागा होत्या.

पहिली जागा म्हणजे राजाचं नगर. तटाच्या आत सात पेठा, आणि त्यांत एक आळी नुसत्या तांबटांची. काम भरपूर, गिऱ्हाईक जाणतं, दसऱ्यानंतर तर हाताला उसंत नाही. पण घरं एकमेकांना इतकी खेटलेली की शेजारी शिंकला तर इकडच्याने बसल्या जागी ‘शतंजीव’ म्हणावं. पाण्यासाठी बारवेवर रांग लागायची आणि पावसाळ्यात गटारं उंबऱ्यापर्यंत यायची. तांबटाने मनातल्या मनात टिचकी मारली. ‘नाद बोदा आहे,’ तो म्हणाला. ‘इथे जीव गुदमरेल.’

दुसरी जागा म्हणजे तीन कोसांवरचं गाव. नदी, आमराई, बोट बुडवलं तर साय चिकटावी असं दूध. पण गावाला नवं भांडं लागायचं ते एखाद्या लग्नात. एरवी फुटक्या घागरीला डाग द्या, नाहीतर परातीला कल्हई करा. तांबटाने पुन्हा टिचकी मारली. ‘इथे हात गंजतील,’ तो म्हणाला.

तिसरी जागा म्हणजे तटाबाहेरचा पुरा. वेशीपासून अर्ध्या कोसावर. तो कुणी वसवला नव्हता. नगरात ज्यांना जागा मिळाली नाही आणि गावात ज्यांचं पोट भरलं नाही ते लोक तिथे येऊन राहत गेले. दोर वळणारे होते, चुना मळणारे होते. दोर वळणारे आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर ताणायचे आणि दिवसभर उलट्या पावलांनी चालायचे. दारातून बाहेर पडायचं तर दोराखालून वाकून जावं लागायचं. पलीकडे चुन्याचा घाणा घरघरत असायचा. इथे तर तांबटाने टिचकीसुद्धा मारली नाही. ‘हे ना नगर, ना गाव,’ तो म्हणाला. ‘याला काय पारखायचं?’

त्याची बायको सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “अहो, तिन्हींत खोट आहे म्हणता. मग त्यातल्या त्यात एक निवडा. खोटीची सवय होते माणसाला.”

“खोट असलेलं भांडं मी घरात ठेवत नाही,” तांबट म्हणाला.

“मला घरात घेतलंत ते टिचकी मारून घेतलंत का?”

लग्न वडीलधाऱ्यांनी ठरवलं होतं, त्याला टिचकी मारायची संधीच मिळाली नव्हती.

आठ दिवस विचार करून त्याने एक युक्ती काढली. ‘कुठलीही खोट बाराही महिने नसते,’ त्याच्या लक्षात आलं. नगरात गटारं तुंबतात ती पावसाळ्यात. गावात कामाचा तोटा जाणवतो तो लग्नसराईच्या आधी, हिवाळ्यात. आणि पुऱ्यात पावसाळाभर दोर वळत नाहीत, घाणाही बंद असतो, जमीन उताराची असल्यामुळे पाणीही साचत नाही. मग काय अडचण आहे? पावसाळ्यात पुऱ्यात राहावं, हिवाळ्यात नगरात आणि उन्हाळ्यात गावात. प्रत्येक ठिकाणचं चांगलं तेवढं घ्यावं आणि खोट वर डोकं काढायच्या आत गाडी जुंपावी.

त्याने तिन्हीकडे घरं बांधली. तीन घरांना तीन कुलपं घातली आणि तिन्ही किल्ल्या एकाच करदोट्याला अडकवल्या. लोक म्हणाले, काय डोकं आहे! बैलांचं मत कुणी विचारलं नाही.

आता त्या राज्यातल्या दोन रिती सांगायला हव्यात, म्हणजे पुढचं कळेल.

पहिली रीत धुराची. सकाळी आपली चूल पेटली की घरातल्या बाईने अंगणात यायचं आणि उजव्या हाताच्या घराकडे बघायचं. छपरातून धूर निघत असला तर आपल्या कामाला लागायचं. ऊन कौलांवर येईपर्यंत धूर दिसला नाही तर जाऊन कडी वाजवायची आणि विचारायचं, “काय गं, आज चूल का नाही?” नगर असो, पुरा असो की गाव, ही रीत सगळीकडे सारखी होती. तिला कुणी परोपकार वगैरे म्हणत नसे. दात घासावेत तसं ते रोजचं काम होतं.

दुसरी रीत विरजणाची. दही विकत मिळायचं, पण विरजण कुणी विकायचं नाही. ते शेजारणीकडून वाटीत मागून आणायचं आणि आपलं दही लागलं की त्याच वाटीतून चमचाभर परत करायचं. त्यामुळे एखाद्या घरचं दही नासलं तरी ते चार घरांत कुठेतरी जिवंत असायचं आणि फिरून परत यायचं.

तांबट तीन घरं करून बसला आणि या दोन्ही रितींशी त्याचं वाकडं आलं. त्याला मात्र ते कळलंही नाही.

पहिल्या वर्षी गावातल्या शेजारणीने पाहिलं, धूर नाही. ती आली, कडी वाजवायला गेली तर दाराला कुलूप. नगरातली शेजारीण आली, तिलाही कुलूप. पुऱ्यातलीही तशीच परत गेली. दुसऱ्या वर्षी त्या अंगणातूनच म्हणाल्या, “कुलूप असेल.” तिसऱ्या वर्षापासून त्या दाराकडे बघायच्याच थांबल्या. तांबटाच्या छपरातून धूर दिसला नाही की तिन्हीकडचे लोक एकच वाक्य म्हणायचे, “तिकडे असतील.” तिकडे म्हणजे कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि माहीत असायची गरजही वाटत नव्हती.

एकदा गावात देवीचा भंडारा होता. तांबट आणि त्याची बायको तेव्हा गावातच होती. पंगत उठली तरी त्यांना कुणी बोलवायला आलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे हळहळले. “आम्हाला वाटलं, तुम्ही तिकडे असाल,” असं म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं?

तांबटाच्या बायकोने त्या दिवशी घरी पिठलं टाकलं होतं. वाढताना ती म्हणाली, “दोन घरचा पाहुणा उपाशी, म्हणतात. आपली तर तीन आहेत.”

“पिठल्यात मीठ कमी आहे,” तांबट म्हणाला.

विरजणाचा त्रास तिचा एकटीचा होता. दर वेळी निघताना ती विरजणाचं भांडं मांडीवर घेऊन गाडीत बसायची. धक्के खात मुक्कामाला पोचेपर्यंत त्यात दही उरायचं नाही, नुसतं आंबट पाणी. मग नव्या जागी पुन्हा वाटी घेऊन शेजारी जायचं.

“दही लागायला भांडं हलवायचं नसतं,” एकदा ती गाडीत म्हणाली.

“म्हणजे?”

“काही नाही. दह्याचं म्हणते मी.”

नगरातल्या बायका सांगायच्या, “चौकात ताजं दही मिळतं की, विरजणाची कटकट कशाला?” गावातल्या बायका द्यायच्या, पण देताना म्हणायच्या, “तुमचं काय, आज आहात, उद्या नाही.” ती मागायला गेली की त्यांच्या कपाळावर एक आठी उमटायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिच्याकडे विरजण मागायला मात्र कधीच कुणी यायचं नाही. जी बाई उद्या इथे असेल की नाही याची खात्री नाही, तिच्यावर आपल्या दह्याचा भार कोण टाकणार? तिला याचं फार वाईट वाटायचं. ते ती कुणाला सांगायची नाही.

पुऱ्यातली शेजारीण मात्र वेगळी होती. ती एका दोर वळणाऱ्याची बायको. तिला सगळे दोरवाली म्हणायचे. हात काथ्याने खरखरीत झालेले आणि जीभ त्याहून खरखरीत. ती कधी नाही म्हणायची नाही आणि गोडही बोलायची नाही.

“घे,” ती म्हणायची. “पण तिसऱ्या दिवशी परत पाहिजे. विसरते मी, असं समजू नको.”

तांबटाची बायको तिसऱ्या दिवशी परत करायची. आणि पुरा सोडून जायच्या दिवशी काही उरलंसुरलं देणं असलं तर दोरवालीच्या ओट्यावर वाटी ठेवून, वर ताटली झाकून जायची. सात वर्षांत यात एकदाही खंड पडला नाही.

आठव्या वर्षी पावसाळा संपला. चुन्याचा घाणा पुन्हा घरघरायला लागला. आळीत दोर ताणले गेले. काथ्याची भुसी उडून घरात येते म्हणून तांबटाने मागच्याच वर्षी आळीकडची खिडकी दगडमातीने बुजवून टाकली होती. आता त्याचे कान पुन्हा किटायला लागले. नाद बोदा झाला, म्हणजे निघायची वेळ झाली.

त्याने जड सामान गाडीत भरलं. बायको म्हणाली, “तुम्ही पुढे व्हा. मी मागची आवराआवर करून दोन-चार दिवसांत पायीच येते. मध्ये गावाकडची एखादी गाडी मिळाली तर आधी तिकडे जाईन आणि नवी बाजरी घेऊनच नगरात येईन.”

“बरं,” तांबट म्हणाला. गाडी निघाली. आळीतल्या लोकांनी दोर वर उचलून तिला वाट करून दिली आणि तांबट गेला असं समजून ते पुन्हा कामाला लागले.

दुपारी तांबटाची बायको वाटी घेऊन दोरवालीकडे गेली. “चार दिवस आहे मी. तेवढंच ताक होईल.”

“तिसऱ्या दिवशी परत,” दोरवाली म्हणाली.

संध्याकाळी तिने गवळ्याकडून शेरभर दूध घेतलं, तापवून कोमट केलं, विरजण लावलं आणि भांडं फडक्यात गुंडाळून भिंतीच्या कोपऱ्यात ठेवून दिलं.

सकाळी चूल पेटवण्याआधी ती माळ्यावरचे हंडे उतरवायला शिडीवर चढली. शिडीचा पाय सरकला. ती खाली आली आणि तिच्या मागोमाग दोन मोठे हंडे आले. एक हंडा तिच्या पायावर पडला. नडगीचं हाड मोडल्याचा आवाज तिने स्वतःच्या कानांनी ऐकला.

ती ओरडली. पण बाहेर घाणा घरघरत होता आणि खिडकी बुजवलेली होती. दार लोटलेलं होतं. उठायचा प्रयत्न केला तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तिची शुद्ध हरपली.

शुद्धीवर आली तेव्हा ऊन कौलांवर आलेलं होतं. तिला रीत आठवली. आता कुणीतरी येईल, कडी वाजवेल, विचारेल, आज चूल का नाही? ती दाराकडे बघत राहिली. मग तिला आठवलं की या घरापुरती ती रीत पाच वर्षांपूर्वीच बंद पडली आहे. तेव्हा तिला रडू आलं.

दोरवालीने अंगणात येऊन सवयीने आपल्या डाव्या-उजव्या बाजूला पाहिलं होतं. तांबटाचं घर तिच्या उजव्या हातालाच होतं. धूर नव्हता. ‘गेली तिकडे,’ तिने मनात म्हटलं. ‘आणि जाताना माझं विरजणही घेऊन गेली.’ तिला राग आला. दिवसभर दोर वळताना ती रागातच होती.

पाण्याचा माठ खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. तिथवर सरपटत जाणं तांबटाच्या बायकोला जमेना. हात पुरत होता फक्त कोपऱ्यातल्या भांड्यापर्यंत. तिने ते फडकं सोडलं. आत दही लागलं होतं, घट्ट. सुरी लावली तर वडी पडावी असं. या भांड्याला ना गाडीत बसावं लागलं होतं, ना कुणी हलवलं होतं.

तिने दोन बोटं दही खाल्लं. दुपारी पुन्हा दोन बोटं. दुसरा दिवसही तसाच गेला. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे भांड्याच्या तळाला एक चमचाभर दही उरलं होतं. घसा सुकला होता, जीभ टाळ्याला चिकटत होती. तिने भांडं जवळ ओढलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि तेवढं दही शेजारी पडलेल्या वाटीत काढून ठेवलं. ती वाटी दोरवालीची होती आणि आज तिसरा दिवस होता.

त्याच सकाळी दोरवाली आपल्या ओट्यावर उभी राहून विचार करत होती. सात वर्षांत ही बाई वाटी ठेवल्याशिवाय गेली नाही. मग आज ओट्यावर वाटी का नाही? दह्याचं राहू दे, पण वाटी तरी ठेवायला हवी होती. तिला तो हिशोब लागेना आणि हिशोब लागला नाही की ती गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हती. ताणलेल्या दोराखालून वाकून ती तांबटाच्या दारात गेली. कुलूप नव्हतं.

काय काय बोलायचं ते तिने येतानाच ठरवलं होतं. दार ढकलून ती म्हणाली, “काय गं, माझी वाटी...”

जमिनीवर पडलेल्या बाईने मान वळवली. “ठेवलीय,” ती कशीबशी म्हणाली. “तुमचं विरजण काढून ठेवलंय.”

दोरवालीने माठाकडे धाव घेतली आणि पाणी तिच्या तोंडाला लावलं. शेजारच्या घरचा धूर तीन सकाळी तिने पाहिला नव्हता, आणि तिसऱ्या सकाळी ती आली होती ती वाटी मागायला. ही गोष्ट तिने पुढे जन्मभर स्वतःला माफ केली नाही.

मग मात्र फार धावपळ झाली. घाणा थांबला. पाणी आलं, माणसं आली, हाडं बसवणारा म्हातारा आला. त्याने पाय बांधला आणि सांगितलं, “अजून एक दिवस गेला असता तर मला बोलवायचं कारण उरलं नसतं.”

दोरवालीचा नवरा तसाच नगराकडे निघाला. तांबटांच्या आळीत पोचला तेव्हा तांबट एका नव्या घंगाळाला टिचकी मारून कान लावून बसला होता. दोर वळणारा मितभाषी माणूस होता.

“तुमची बायको कुठे आहे?” त्याने विचारलं.

“तिकडे असेल,” तांबट म्हणाला.

“तिकडे म्हणजे कुठे?”

“पुऱ्यात नाहीतर गावाला. बाजरी आणणार होती ना.” घंगाळावरची नजर त्याने वर उचलली नव्हती.

दोर वळणारा एक पाऊल पुढे आला. मग म्हणाला, “तीन दिवस पाय मोडून पडली होती तुमच्या पुऱ्यातल्या घरात. धूर नव्हता. आम्हीही म्हणालो, तिकडे असेल.”

तांबटाच्या हातून घंगाळ सुटलं. ते फरशीवर पडून बराच वेळ घणघणत राहिलं. नाद स्वच्छ होता. तो ऐकायला तांबट तिथे नव्हता.

अर्धा कोस तो पळत आला. बायको खाटेवर होती, दोरवाली उशाशी. बायकोला पाहून तो दारातच थांबला. शेवटी म्हणाला, “मला वाटलं, तू...”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “सगळ्यांनाच वाटलं.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसवला असता. तो खाली बसून ओक्साबोक्शी रडला आणि दोरवालीने त्याला रडू दिलं.

पाय चार महिने हलवायचा नाही असं म्हाताऱ्याने बजावलं होतं. तेव्हा त्या वर्षी हिवाळा नगरात झाला नाही, तो पुऱ्यातच काढावा लागला. घाणा घरघरत होता, भुसी उडत होती, दोराखालून वाकून वाकून तांबटाची पाठ दुखत होती. पण पहिल्याच आठवड्यात त्याने पहार घेतली आणि आळीकडची खिडकी फोडून मोकळी केली.

चूल तोच पेटवायचा. त्याला ते नीट जमत नसे. उशीर झाला की उंबऱ्यात दोरवाली उभी. “काय हो, आज चूल का नाही?” ओली लाकडं, असं तो सांगायचा. ती सुकी आणून द्यायची आणि त्याच्या अकलेबद्दल दोन शब्द ऐकवून जायची. हळूहळू त्यालाही सवय लागली. आपला धूर निघाला की तो अंगणात यायचा आणि उजव्या हाताच्या घराकडे बघायचा. तिथे चुना मळणाऱ्याचं बिऱ्हाड होतं. एकदा तिथे धूर दिसला नाही. हा धावत गेला, तर ते लोक एकादशी म्हणून उशिरा उठले होते. सगळा पुरा आठ दिवस हसत होता.

बायको खाटेवरून सांगायची आणि तो विरजण लावायचा. दूध किती कोमट, विरजण किती, कुठे ठेवायचं. “आणि आता हलवू नका,” ती म्हणायची. तो हलवायचा नाही.

माघ महिन्यात एका सकाळी चुना मळणाऱ्याची सून दारात आली. तिच्या हातात रिकामी वाटी होती. “काकी, विरजण आहे का? आमचं काल मांजराने सांडलं.”

तांबटाच्या बायकोने तिच्याकडे पाहिलं. आठ वर्षांत तिच्या दारात अशी वाटी पहिल्यांदाच आली होती. तिचे डोळे भरून आले. “आहे की,” ती म्हणाली. “अहो, द्या तिला. आणि गं, तिसऱ्या दिवशी परत पाहिजे हं.”

तांबटाने दह्याने काठोकाठ भरलेलं भांडं खाली काढलं. हाताला लागलेली सवय, दुसरं काय. भांडं डाव्या हातात आलं आणि उजव्या हाताने त्यावर टिचकी मारली. आवाज बोदा आला. अगदी बोदा.

बायकोने खाटेवरून ते पाहिलं. “काय? यातही खोट निघाली का?”

तांबटाने त्या भांड्याकडे पाहिलं. टिचकी रिकाम्या भांड्यावर मारायची असते, हे त्याला उस्तादाने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दोन जागांवर टिचकी मारली आणि तिसरीवर तीही मारली नाही, तेव्हा तो नुसता बाहेर उभा होता. आत काय आहे ते त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“नाही,” तो म्हणाला. “खोट नाही. भरलेलं आहे.”

आणि त्याने वाटीत चमचाभर विरजण घातलं.

नगरातलं घर त्याने एका नव्या लग्न झालेल्या तांबटाला देऊन टाकलं आणि गावातलं शेजारणीच्या लेकीला. बायकोच्या पायात थोडा लंगडेपणा राहिला तो राहिलाच. तांबटही पुऱ्याला शेवटपर्यंत नावं ठेवत राहिला. घाण्याचा आवाज, दोरांची अडचण, भुसी, यावर तो रोज सकाळी अंगणात उभा राहून कुरकुर करायचा, पण उजव्या हाताच्या घराचा धूर बघून झाल्यावर.

या गोष्टीचं सार एवढंच की, जिथे आपली चूल पेटली नाही हे शेजाऱ्याच्या ध्यानात येतं तेच आपलं घर, मग ते नगरात असो, पुऱ्यात असो की गावात. आणि जो तिन्हीकडे राहू पाहतो, तो कुठेच राहत नाही.